खोलीतलं पाणी

मी नागपूरची. उन्हाळा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशा गुर्मीतच मी लग्न होऊन बनारसला आले होते. आमच्याकडे एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली उतरायचा, त्याला ताजा वाळा लागायचा, आणि टाकीत पाणी भरून बटण दाबलं की बाहेर कितीही रणरणत असलं तरी आत पांघरूण घ्यावंसं वाटायचं. बनारसचा उन्हाळाही ज्येष्ठापर्यंत तसाच असतो. लू वाहते, ओठ फुटतात, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. पण आषाढ लागतो आणि सगळं बदलतं. ऊन कमी होतं, त्रास वाढतो. दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत खिडकीतून हात लांब केला तर समोरच्या घराचा गज धरता येतो. तिथे ऊन वरच्या मजल्यांवरच अडकतं, खाली पोचतच नाही. मग मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी ओढली की तिचं गूल निघून येतं, आणि धुतलेली चादर दोन दिवसांनी काढली तरी ओलीच लागते.

"किती उकडतंय," असं मी पहिल्या वर्षी म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी मला दुरुस्त केलं होतं.

"हा उकाडा नव्हे. ही उमस. उकाड्यात अंग भाजतं, उमस अंगाला चिकटते. भाजलेलं सोसवतं, चिकटलेलं नाही सोसवत."

त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही घराण्यांना काशीत येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या मराठीत हिंदी मुरून गेली होती. मला तेव्हा त्यांचं ते दुरुस्त करणंच जास्त लागलं. आमचं भांडण कधीच झालं नाही, पण सलगीही नव्हती. सासरे याज्ञिकी करायचे. ते गेल्यावरही सासूबाईंनी घरातलं सोवळं तसंच ठेवलं होतं. सकाळचा स्वयंपाक त्यांचा. त्यांची पूजा आणि नैवेद्य होईपर्यंत मी चुलीकडे जायचं नाही. त्यानंतर मी शाळेत शिकवायला जायची. नवरा रेल्वेत, त्याची बदली काही तासांच्या अंतरावरच्या एका जंक्शनला झाली होती, आणि तो सुट्टीच्या दिवशी तेवढा घरी यायचा. त्यामुळे बहुतेक दिवस घरात आम्ही दोघीच असायचो, आणि घर मोठं असल्यामुळे एकमेकींच्या वाटेत न येता राहता येत होतं.

जूनच्या अखेरीस एका सकाळी त्या पडल्या. सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत घालत होत्या. पिळताना निथळलेलं पाणी फरशीवर साचलं होतं, त्यावरून पाय सटकला. मी धावत गेले तर त्या जमिनीवर आडव्या, आणि काठी अजून हातात घट्ट धरलेली.

"मला शिवू नकोस," त्या म्हणाल्या. मग एक क्षण थांबून, अगदी वेगळ्या आवाजात, "नाही गं. धर. मला उठता येत नाहीये."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसवली, आणि काही दिवसांनी घरी न्यायची परवानगी मिळाली. ॲम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यापर्यंतच येते. पुढे आमच्या गल्ल्यांमध्ये मोटार शिरत नाही. मोहल्ल्यातल्या चार जणांनी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून त्यांना उचललं. नवरा पुढे वाट मोकळी करत होता, मी मागून औषधांच्या पिशव्या घेऊन. एका वळणावर सांड बसला होता, तो उठेपर्यंत सगळी वरात थांबली. येणारेजाणारे भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि बांबू दिसल्यावर सवयीनं हात जोडायचे. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मला जवळ बोलावलं.

"त्यांना सांग की मी जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

खुर्ची उचलणारे इतके हसले की बांबू हलायला लागले. मीही हसले. सासूबाईंनी केलेल्या विनोदावर त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होते.

त्यांची सोय पहिल्या मजल्यावरच्या गल्लीकडच्या खोलीत केली. खोली लहान, एक खिडकी, जाड दगडी भिंती. दिवसा मदतीला एक बाई येऊ लागल्या. शाळा सुरू झाली होती, पण मी निम्म्या दिवसाची रजा घेऊन दुपारी घरी यायची. आषाढ भरात होता. पंखा गरगरत असायचा आणि त्याची हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी लागायची. सासूबाई उताण्या पडून राहायच्या आणि काही मागायच्या नाहीत. पाणी हवं का विचारलं तर "असू दे." कूस बदलू का म्हटलं तर "असू दे." मला वाटलं, हा त्यांचा स्वभावच.

एका संध्याकाळी चादर बदलायला मी त्यांना जरा कुशीवर वळवलं, तर चादरीवर पिवळसर डाग. मी लुगडं कमरेखाली सरकवलं. माकडहाडावर लालभडक चट्टा होता आणि मधोमध कातडीच गेलेली होती.

"आई, हे कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही. जरा चुरचुरतं."

"मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं. "सुनेला काय काय दाखवायचं गं?"

मी कोमट पाणी आणलं आणि हळूहळू पुसायला लागले. त्यांचं अंग आखडलं होतं. पुसता पुसता ते सैल होत गेलं. नंतर पाहिलं तर त्या रडत होत्या. मी दिवा मालवला आणि तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी मलमपट्टी केली, हवेची गादी आणायला सांगितली, दर थोड्या वेळानं कूस बदलायला सांगितली. निघताना दारात थांबून म्हणाले, "सगळं कराल, पण ही खोली अशी दमट राहिली तर जखम भरणार नाही. घामानं भिजलेली कातडी लगेच फाटते. यांना कोरडं ठेवा."

कोरडं ठेवा म्हणणं सोपं होतं. मी माझ्या नागपुरी अकलेनुसार कूलर आणला. पहिल्या दुपारी वारा बरा लागला आणि सासूबाईंना डोळाही लागला. पण कूलर गार करतो तोच मुळी हवेत पाणी सोडून. नागपूरच्या वैशाखात हवा ते पाणी पिऊन टाकते. इथल्या आषाढात ती आधीच तुडुंब असते. दोन दिवसांत उशीला कुबट वास यायला लागला, पलंगामागच्या भिंतीवर करडी बुरशी चढली, आणि पट्टी चिकटवायचा टेप अंगावर टिकेना.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "मला घाटावर जाता येत नाही म्हणून तू घाटच खोलीत आणलास का?"

मी कूलर उचलून बाहेर ठेवला.

एसी घ्यायचा असं मी आणि नवऱ्यानं फोनवर ठरवलं. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. मोडलेल्या हाडाला थंडी बरोबर ओळखता येते, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात त्या एसीच्या हॉलमध्ये बसल्या होत्या आणि आठवडाभर त्यांची मान धरली होती, तो दाखला त्यांनी तीनतीनदा दिला. नवरा सुट्टीच्या दिवशी आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"आई, आवडला नाही तर काढून टाकू."

"भिंत फोडून लावणार आणि काढून टाकणार? तुझ्या वडिलांसारखंच बोलतोस." पण यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही तो होकार समजलो.

दुकानदारानं मोठं मशीन घ्यायचा आग्रह केला. खोली मिनिटांत गार होईल म्हणाला, आणि आम्हाला ते पटलं. मशीन हातगाडीवरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून हमालांच्या डोक्यावरून घरी आलं. बाहेरचा डबा लावायला गल्लीकडच्या भिंतीशिवाय जागा नव्हती. गल्ली इतकी अरुंद, की तो बरोबर समोरच्या चाचींच्या दाराच्या वर आला. चाची म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या, सासूबाईंच्याच वयाच्या. दोघी तरुणपणापासून आपापल्या खिडकीतून बोलत आल्या होत्या. पण सासूबाईंचं सोवळं असं की इतक्या वर्षांत त्यांनी चाचींच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. चाचीही आग्रह करत नसत. खिडकीतून खिडकीत होईल तेवढीच ती मैत्री होती.

एसी सुरू झाला आणि खोली खरोखरच मिनिटांत गार झाली. मी खूश होऊन शाळेत गेले. परत आले तर सासूबाई दोन पांघरुणांत कुडकुडत होत्या आणि बाईंनी घाबरून मशीन बंद करून दार उघडं टाकलं होतं. बाहेरची दमट हवा आत आली होती. आरशावर वाफ धरली होती, फरशीवर पावलं उमटत होती, आणि चादर हाताला गार आणि ओली लागत होती. तीन-चार दिवस हेच चाललं. चालू केलं की त्यांना हुडहुडी, बंद केलं की सगळं ओलं. तापमान वाढवून ठेवलं तर मशीन जरा वेळ चालून थांबायचं, नुसता पंखा फिरत राहायचा, आणि खोली गार असूनही कोंदट वाटायची. जखम होती तशीच होती. मी रात्री फोनवर नवऱ्याला म्हणाले, "काढूनच टाकू या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ भाजी निवडत बसले होते. पडून पडून कंटाळल्यामुळे सासूबाईंनी रिमोट मागून घेतला होता. चष्मा लावून, पोथी धरावी तसा तो डोळ्यांसमोर धरून त्या एकेक चिन्ह बघत होत्या.

"हा सूर्य. हा पंखा. ही बर्फाची चांदणी. आणि हा थेंब कशाचा गं?"

"थेंब?"

"हा बघ. पाण्याचा थेंब. यानं काय पाणी देतं का हे?"

मी रिमोट हातात घेतला. थेंब होता खरा. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. खोक्यातली माहितीपुस्तिका काढली. त्यात दोनच ओळी होत्या: बाहेर दमट हवा असेल तेव्हा खोलीतली आर्द्रता कमी करण्यासाठी. मी बटण दाबलं. पंख्याचा आवाज एकदम मंद झाला. वारा जवळजवळ थांबलाच. आम्हाला वाटलं, बिघडलं. पण थोड्या वेळानं बाहेरच्या नळीतून पाणी पडायला लागलं, आधी थेंब थेंब आणि मग सलग धार.

नंतर विचारून, वाचून मला त्याचं गणित कळलं. मशीन मोठं आणि खोली लहान. खोली चटकन गार व्हायची, मशीन थांबायचं, आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळायचा नाही. थेंबाच्या बटणावर ते हवा सावकाश ओढतं. आतल्या गार नळ्यांवर हवेतली वाफ धरते आणि पाणी होऊन बाहेर जाते. खोली थोडी गार होते, पण हुडहुडी भरेल इतकी नाही. मात्र एवढ्यानं भागलं नाही. एकच कोरडी खोली म्हणून मी तिथे दोरी बांधून धुतलेले कपडे वाळत घालू लागले होते. सासूबाईंनीच ते बघून विचारलं, "मशीन पाणी काढतंय आणि तू आणून टाकतेस. हे कसं व्हायचं?" दोरी सुटली. खिडकीच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. दाराला पडदा लावला आणि दार लावून घ्यायची बाईंना ताकीद दिली.

पण खिडकी कायमची बंद ठेवायला सासूबाईंनी साफ नकार दिला. "मला गल्लीचा आवाज पाहिजे. नाहीतर मी मेले की आहे हे मला कळायचं कसं?" मग ठरलं, की संध्याकाळी देवळातली घंटा वाजायला लागली की खिडकी उघडायची, चाचींशी बोलणं व्हायचं, आणि घंटा थांबली की बंद.

त्याच खिडकीतून एका संध्याकाळी चाचींचा आवाज चढला. "ए बहू! ई का हौ? दिनभर हमरे चौखट पर टप-टप! पूजा करके निकलो तो कपार पर पानी!"

त्यांचं बरोबर होतं. नळीचं पाणी त्यांच्या उंबरठ्यावर पडत होतं, आणि कोण कुठलं पाणी ते डोक्यावर पडल्यामुळे त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागली होती. मी माफी मागितली आणि दुसऱ्याच दिवशी नळी वाढवून ती आमच्याच सज्जात एका बादलीत सोडली. बाहेरच्या डब्याच्या गरम हवेचं मात्र काही करता आलं नाही. चाचींची पुढची खोली दुपारी तापायची. त्या काही दिवस खिडकीशी आल्याच नाहीत. घंटा वाजायची, मी खिडकी उघडायची, समोरची खिडकी बंद असायची. सासूबाई तिकडे बघत राहायच्या.

बादली मात्र घरातली मोठी गोष्ट होऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती भरत यायची. सासूबाईंनी एकदा ती आत आणवून बघितली.

"हे सगळं या खोलीत होतं?"

"हवेत होतं."

"आणि मी त्यात पडले होते." त्यांनी बोटं बुडवली. "हे सोवळ्यातलं का ओवळ्यातलं?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "कुणी शिवलेलं नाही. वरून आलंय. तुळशीला चालेल. देवाला नको."

त्यानंतर मी शाळेतून आले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज किती निघालं?" पाऊस पडून गेल्यावर जास्त निघायचं, पश्चिमेचा वारा असला की कमी. पहिल्या आठवड्यात चादर कोरडी राहायला लागली. टेप चिकटून राहायला लागला. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी जखमेची कड बघितली आणि म्हणाले, आता भरायला लागलीय. त्या दिवशी कूस बदलताना सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, "इकडे नको, तिकडे वळव. इकडे दुखतं." मला ते इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभी राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही सांगत जा असंच."

मग त्या सांगायला लागल्या. दुखण्याचं आणि बाकीचंही. दार बंद, पंख्याची मंद घरघर, दुपारची वेळ. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई त्यांच्याशी वर्षभर फक्त कामापुरतं बोलल्या होत्या. पहिलं बाळंतपण झालं ते याच खोलीत, आणि अशाच उमशीत ते बाळ गेलं. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. मी पंख्याकडे नको तितक्या वेळा बघितलं, कारण त्यांच्याकडे बघवेना. त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आता रडून काय? जुनी गोष्ट आहे. चहा टाक."

श्रावणाच्या शेवटी गंगा चढली. दरवर्षी चढते, पण त्या वेळी ती घाटाच्या सगळ्या पायऱ्या गिळून खालच्या गल्ल्यांत शिरली. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नाही, पण खबरदारी म्हणून त्या सगळ्या भागाची वीज बंद केली गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा चालला, तोही दुसऱ्या दिवशी बसला. खोली बघता बघता पूर्वीसारखी झाली. भिंतींना घाम फुटला. चादर चिकटायला लागली. नुकतीच भरत आलेली कातडी पांढरी, मऊ दिसू लागली. नवरा रजा टाकून आला होता. आम्ही दोघं पाळीपाळीनं पुठ्ठ्यानं वारा घालत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. चाची.

"ए बहू, मशीन बंद हौ न?"

"हो चाची. बत्तीच नाही."

"तो बैठे काहे हो? ले आओ ऊपर. हमरे छत वाली कोठरी में गंगाजी की हवा आवत हौ."

चाचींचं घर आमच्यापेक्षा उंच. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीला नदीकडे दोन आणि मागे एक अशा खिडक्या आहेत. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या घराची पायरी त्या आयुष्यात चढल्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "खुर्ची काढ."

चाचींचे दोन मुलगे आले. नवरा आणि ते दोघं मिळून त्यांनी खुर्ची गल्लीपार नेली आणि त्या अरुंद जिन्यानं वर चढवली. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची, आणि सासूबाई मोठ्यानं रामरक्षा म्हणत होत्या. वर चाचींनी खाट घालून ठेवली होती, धुतलेली चादर आणि वर सुती धोतर. खिडक्या सताड उघड्या. खाली तपकिरी गंगा नजर पोचत नव्हती तिथवर पसरलेली. हवा ओलीच होती, पण ती चालती होती. पाच मिनिटांत सासूबाईंच्या कपाळावरचा घाम वाळला.

चाची चहा घेऊन आल्या. एक कप मला दिला, एक नवऱ्याला. सासूबाईंसाठी आणला नव्हता. त्या घेणार नाहीत हे त्यांनी धरलंच होतं.

"आणि माझा?" सासूबाईंनी हिंदीत विचारलं.

चाची थबकल्या. "आप पीजिएगा?"

"दिल्याशिवाय कसं पिणार?"

चाची खाली गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. नवा, कोराकरकरीत पेला घेऊन आल्या होत्या; तो शोधत बसल्या असणार. सासूबाईंनी चहा घेतला आणि म्हणाल्या, आलं जास्त झालंय. चाची खाटेच्या कडेला बसल्या आणि दोघी हसायला लागल्या.

वीज येईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. मी घरून वरणभात करून न्यायची, चाची त्यात आपली भाजी घालायच्या. पट्टी बदलायची वेळ झाली की चाची पाठ धरायच्या आणि मी पुसायची. गरम हवेच्या डब्याबद्दल मी चाचींची माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, खोली तापते ते खरंच आहे, पण आम्ही दुपारी मागे झोपतो. त्यात उदारपणाचा आव नव्हता. नुसतं सांगणं होतं. पुढे नवऱ्यानं तो डबा लोखंडी घोड्यावर चढवून आमच्या गच्चीच्या कठड्याजवळ नेला. नळ्या लांब कराव्या लागल्या, पण चाचींची खोली निवाली.

जखम पूर्ण भरायला नवरात्र उजाडलं. वॉकर धरून सासूबाई आधी खोलीत, मग देवघरापर्यंत चालायला लागल्या. जिना मात्र त्यांना पुन्हा जमला नाही. पहिला मजला हेच त्यांचं जग झालं. त्याचं त्यांना वाईट वाटतं. घाटावरून येणाऱ्या बायकांना बघून कधी कधी त्या दिवसभर गप्प असतात. मी अशा वेळी काही समजावायला जात नाही. जवळ बसते. सोवळ्याचं लुगडं आता मी पिळून वाळत घालते, आणि ते मी घातलेलं चालतं.

पुढच्या वर्षी गणपतीत मोदक मी करायचे ठरले. आजवर त्यांनी ते कुणाला करू दिले नव्हते. उकड काढली, ती परातीत घेऊन मी स्वयंपाकघरातच बसणार होते, पण तिथे त्यांना खुर्चीवर फार वेळ बसवत नाही. म्हणून परात त्यांच्या खोलीत नेली. एसी थेंबावर चालू होता. चाचीही नैवेद्य बघायला म्हणून येऊन बसल्या होत्या. मी पारी करायला घेतली. दुसऱ्या मोदकाला कळ्या पाडताना ती फुटली. तिसऱ्यालाही फुटली.

सासूबाईंनी माझ्या हातातला गोळा घेतला, दाबून बघितला.

"मशीन बंद कर आधी," त्या म्हणाल्या. "ही हवा माणसाला चांगली. उकड सुकते हिनं. आणि खिडकी उघड."

मी खिडकी उघडली. गल्लीतली दमट हवा आत आली, आणि तिच्याबरोबर शेजारच्या कुणाच्या तरी घरातली आरती. सासूबाईंनी तेलपाण्याचं बोट लावून गोळा पुन्हा मळला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"आता कर. अंगठा आत, बोटं बाहेर. घाई नको."

मी केला. तो फुटला नाही.